सूर आणि भाववातावरण : ग्रंथवाचनातील एक आवश्यक विवेक

वाङ्मयाच्या अभ्यासात दोन गोष्टींची वारंवार गल्लत होते. पहिली गोष्ट म्हणजे बोलणाऱ्याचा सूर, आणि दुसरी म्हणजे त्या बोलण्याभोवती उभे राहणारे भाववातावरण. दोहोंचा संबंध भावनेशी असल्यामुळे ती एकाच वस्तूची दोन नावे आहेत, असा समज होणे स्वाभाविक आहे. सामान्य करमणुकीच्या पुस्तकात या समजाने फारशी हानी होत नाही. परंतु ज्या ग्रंथातील एकेका वचनावरून आचार ठरतो, त्या ग्रंथात सूर चुकला तर अर्थ चुकतो, आणि अर्थ चुकला तर आचारही चुकतो. म्हणून या दोहोंतील भेद आपल्याच ग्रंथांच्या आधारे समजून घेण्याचा हा प्रयत्न आहे.

१. दोहोंची लक्षणे

वक्ता आपल्या विषयाकडे आणि आपल्या श्रोत्याकडे ज्या वृत्तीने पाहतो, त्या वृत्तीची शब्दांत उमटलेली खूण म्हणजे सूर. तो आदराचा असेल, थट्टेचा असेल, कळकळीचा, उपहासाचा किंवा केवळ नोंद करणाऱ्याचा असेल. सुराला नेहमी एक धनी असतो आणि एक दिशा असते. कोणीतरी कोणालातरी उद्देशून बोलत असतो.

भाववातावरणाला असा धनी नसतो. स्थळ, काळ, प्रकाश, ऋतू, घटनांचा क्रम, बोलण्यामधील मौन या सर्वांच्या मेळातून वाचकाच्या चित्तावर जी छाया पडते, ती म्हणजे भाववातावरण. म्हणून ‘हा सूर कोणाचा?’ असा प्रश्न विचारता येतो. परंतु ‘हे वातावरण कोणाचे?’ असा प्रश्न विचारता येत नाही. ‘ते कशाने निर्माण झाले, आणि कोणाच्या चित्तात उतरले?’ एवढेच विचारता येते. सूर वक्त्याच्या ठिकाणी असतो, भाववातावरण श्रोत्याच्या ठिकाणी पूर्ण होते. हा या विवेचनाचा मुख्य सिद्धान्त समजावा.

आपली बोली हा भेद जाणते. एखाद्याच्या बोलण्याचा ‘सूर बदलला’ असे आपण म्हणतो, आणि कीर्तनाला ‘रंग चढला’ असे म्हणतो. कीर्तनकाराला रंग चढला असे कोणी म्हणत नाही; रंग चढतो तो साऱ्या सभेला.

व्यवहारातील एक उदाहरण घ्यावे. येथील छावणीत गुरुवारी आठवड्याचा बाजार भरतो. त्या बाजारात बैल विकावयास आलेल्या शेतकऱ्यास गिऱ्हाइकाने फारच उणी किंमत सांगितली, तर तो म्हणेल, “न्या की तसाच, पैसे तरी कशाला देता!” शब्द दानाचे आहेत, सूर टोमण्याचा आहे. सुगी चांगली झालेली असेल, तर भोवतीचे लोक हसतील, सौदा पुढे सरकेल. वातावरण खेळीमेळीचे राहील. आता तेच वाक्य, त्याच टोमण्याच्या सुरात, १९७२ च्या दुष्काळात दावणीला वैरण उरली नाही म्हणून जनावर विकावयास निघालेल्या माणसाच्या तोंडी कल्पून पाहावे. सूर तोच आहे, परंतु ऐकणाऱ्याच्या पोटात कालवाकालव होते. एकच सूर दोन निरनिराळ्या वातावरणांत राहू शकतो, यावरून ती दोन भिन्न तत्त्वे आहेत हे सिद्ध होते.

२. प्राचीन शास्त्रकारांचा विचार

हा विचार नवीन नाही. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात पाठ्याचा विचार करताना ‘काकू’चे विवेचन आले आहे. उच्चारातील विशिष्ट विकाराने वाक्याचा अभिप्राय बदलतो, त्यास काकू म्हणतात. तिचे साकांक्ष आणि निराकांक्ष असे दोन भेद सांगितले आहेत. पुढे रुद्रटाने काकूवर आधारलेल्या वक्रोक्तीस अलंकारांत स्थान दिले. राजशेखराने काव्यमीमांसेत त्यास हरकत घेतली. काकू हा अभिप्रायाने युक्त असा पाठाचा, म्हणजे म्हणण्याच्या रीतीचा धर्म आहे. त्यास अलंकार कसे म्हणावे, असा त्याचा आक्षेप आहे. या वादातून आपल्या उपयोगाची एक गोष्ट निघते : सूर हा शब्दावर वरून घातलेला दागिना नव्हे, तो अर्थाच्या घडणीतच भाग घेतो.

दुसऱ्या बाजूने, रसशास्त्रात ‘उद्दीपन विभाव’ सांगितला आहे. चांदणे, उपवन, मंद वारा, नदीतीर किंवा ओसाड स्मशान या गोष्टी स्वतः काही बोलत नाहीत, तरी चित्तातील भाव त्यांच्यामुळे जागा होतो. भाववातावरणाची सामग्री ती हीच.

येथे शंका अशी येते की, मग भाववातावरण म्हणजे रसच का म्हणू नये? समाधान असे : रस हा स्थायी भावाचा परिपोष आहे, समग्र रचनेच्या आस्वादात तो सिद्ध होतो आणि त्याची नावे शास्त्राने निश्चित केली आहेत. भाववातावरण त्यामानाने अल्पकालिक असते. एका प्रसंगापुरते येते आणि पुढच्या प्रसंगी पालटते. कित्येकदा त्याला नाव देता येत नाही. भर दुपारी निर्जन देवळात बसलेल्या मनुष्याच्या वर्णनात जी निःशब्दता जाणवते, ती नवरसांपैकी कोणत्या घरात बसवावी? तरीही ती वाचकाला जाणवते, आणि पुढील वचनाचा अर्थ कळण्यास तिचे साह्य होते.

३. शब्द कठोर, सूर कोमल

आता आपल्या ग्रंथांकडे वळू. म्हाइंभटांनी संकलित केलेले श्रीगोविंदप्रभूंचे चरित्र वाचताना नवख्या वाचकास प्रथम धक्का बसतो तो श्रीप्रभूंच्या भाषेचा. समोर आलेल्या माणसाला, बाईला, लेकराला मरणाचा उच्चार असलेली शिवी सहज दिली जाते. नुसते शब्द धरले तर हा राग आहे, शाप आहे. परंतु ऋद्धिपूरच्या त्या प्रसंगांत ज्यांना हे शब्द ऐकावे लागले, ते घाबरून दूर पळत नाहीत. उलट संकटात ते श्रीप्रभूंकडेच धाव घेतात, त्यांना आपले मायबाप मानतात. आई खोडकर लेकराला ‘मेल्या’ म्हणते, तेव्हा त्या शब्दातील मरण लेकराला कधी ऐकू येत नाही. तसेच हे आहे. शब्द शापाचे, सूर वात्सल्याचा, आणि प्रसंगाचे वातावरण विस्मय व जवळीक यांचे, असे तीन थर येथे स्पष्ट दिसतात. जो वाचक हे थर वेगळे करीत नाही, तो एकतर श्रीप्रभूंना कोपिष्ट समजतो, नाहीतर लाजून तो शब्दच गाळावा असे म्हणू लागतो. दोन्ही मार्गांनी ग्रंथाची हानीच होते.

दुसरे उदाहरण स्मृतिस्थळातील आहे. पंडित शिष्यांनी संस्कृत शब्दांत प्रश्न केला असता आचार्य श्रीनागदेवांनी उत्तर दिले, त्याचा आशय असा की, तुमची ती संस्कृत सर्वनामे मला कळत नाहीत. मला श्रीचक्रधरांनी मराठीत निरूपण केले आहे, त्याच भाषेत विचारा. या वचनावरून ‘आचार्यांना संस्कृत येत नव्हते’ असा निष्कर्ष काढावयाचा काय? शब्दांत अज्ञानाची कबुली आहे, हे खरे. परंतु त्यामागचा सूर पाहावा. पांडित्याला हसत हसत काढलेला तो चिमटा आहे, आणि त्या हास्याखाली एक अढळ निर्धार आहे. केशिराजबासांच्या संस्कृत रचनेस आचार्यांनी प्रतिबंध केला, तोही याच निर्धाराने; अशाने माझ्या म्हाताऱ्या ज्ञानास मुकतील, ही त्यांची कळकळ होती. जे ज्ञान सामान्य स्त्रीपुरुषांसाठी लोकभाषेत सांगितले गेले, ते पुन्हा मूठभरांच्या भाषेत कोंडले जाऊ नये, हा त्या सुराचा अभिप्राय आहे.

या प्रसंगाचे वातावरण मात्र केवळ हास्याचे नाही. सर्वज्ञ उत्तरापंथे गेले आहेत, श्रीप्रभूंचेही सान्निध्य राहिलेले नाही. जे ऐकले ते जपण्याचा सारा भार आता स्मरणावर आहे. या पार्श्वभूमीवर ती थट्टा ऐकली म्हणजे तिचे वजन कळते. सूर हलका आहे, वातावरण गंभीर आहे, आणि त्या दोहोंच्या अंतरातच वचनाचा खरा अर्थ सापडतो.

४. सूर शांत, वातावरण व्याकूळ

लीळाचरित्रात याहून सूक्ष्म प्रकार आढळतो. म्हाइंभटांचा निवेदनाचा सूर आरंभापासून अखेरपर्यंत जवळजवळ एकच आहे : लहान वाक्ये, मोजकी विशेषणे, कोण आले, कोठे बसले, काय विचारले, काय उत्तर मिळाले, इतकेच. स्वतःचा गहिवर ते मध्ये आणीत नाहीत. याचे कारण त्यांच्या कार्यपद्धतीत आहे. ज्यांनी लीळा प्रत्यक्ष पाहिल्या, ऐकल्या, त्यांच्याकडून त्या गोळा करणे आणि आचार्यांकडून पडताळून घेणे, हे त्यांचे व्रत होते. आपल्या परंपरेत एका लीळेविषयी निरनिराळ्या स्मरणांत फरक आढळल्यास तो फरकही ‘वासना’ म्हणून नोंदला गेला आहे. साक्ष नोंदवणारा मनुष्य आवाज चढवीत नाही. हा सूर भावनेच्या अभावातून आलेला नसून सत्याच्या धाकातून आलेला आहे.

आणि तरीही ग्रंथाच्या तीन भागांचे वातावरण किती भिन्न आहे! एकांकात एकाकी भ्रमण आहे, साळबर्डीचा डोंगर आहे, अरण्य आहे. तेथे वाचकाच्या मनावर एकांताची छाया पसरते. पूर्वार्धात प्रतिष्ठानापासून भोवती माणसे जमू लागतात. प्रश्न, उत्तरे, भिक्षा, भोजन, गावोगावचे मुक्काम यांनी वातावरण नांदते होते. उत्तरार्धात तीच माणसे आहेत, तसेच संवाद आहेत, परंतु वियोग जवळ येत असल्याची जाणीव वाचकाला सोडीत नाही. निवेदकाने कोठेही ‘पाहा, हे किती दुःखद आहे’ असे म्हटलेले नाही. म्हणूनच ते दुःख वाचकाचे स्वतःचे होते.

सूर आणि वातावरण परस्परविरुद्ध ठेवून काय साधते, हे विनोदी वाङ्मयातही दिसते. पाली भाषेचे अभ्यासक असलेल्या चिं. वि. जोशी यांचा चिमणराव आपल्या फजितीची हकीकत अत्यंत गंभीरपणे, प्रामाणिकपणे सांगतो. तो मुळीच हसत नाही, म्हणून वाचक हसतो. प्रयोजन भिन्न आहे, परंतु नियम एकच आहे : भाववातावरण सुराची नक्कल करीत नाही.

५. एक कथा, तीन रचना

श्रीकृष्णचरित्रावरील आपल्या तीन काव्यांची तुलना या विषयाला विशेष उपकारक आहे.

महदाइसांचे धवळे ऋद्धिपूर येथे श्रीप्रभूंच्या विवाहलीळेच्या निमित्ताने गायिले गेले. विषय रुक्मिणीस्वयंवर. सूर लग्नघरात गाणाऱ्या बाईचा आहे. जणू घरातलीच मुलगी सासरी निघाली आहे, अशा आपलेपणाने ती सांगते. वातावरण मंगल कार्याचे, लगबगीचे, सामूहिक आनंदाचे आहे. नरेंद्रांचे रुक्मिणीस्वयंवर शके १२१४, म्हणजे इसवी सन १२९२ मधील. कथा तीच, परंतु सूर विदग्ध कवीचा आहे; उपमा-उत्प्रेक्षांचे भान असलेला, रसिक श्रोत्यांपुढे उभा राहिलेला. वातावरणही निराळे आहे : रुक्मिणीच्या विरहात चांदणे पोळते, चंदन दाह करते. एकाच कथेतून दोन सूर आणि दोन वातावरणे निघाली. तेव्हा भाववातावरण कथानकातून आपोआप येत नाही, ते रचनेतून येते, हे उघड झाले.

तिसरे काव्य भास्करभट्ट बोरीकरांचे शिशुपाळवध. या काव्याविषयी परंपरेने जपलेली आठवण प्रसिद्ध आहे. कवीने ग्रंथ आपल्या गुरुबंधूंस दाखविला. त्यांनी तो चांगला झाला, असे म्हटले. मात्र तो निवृत्तांच्या योग्य नाही, शृंगाराची आवड असलेल्या प्रवृत्तांच्या योग्य झाला आहे, असा अभिप्राय दिला. त्यानंतर भास्करभट्टांनी भागवताच्या एकादश स्कंधावर उद्धवगीता रचली.

या अभिप्रायाचे नीट पृथक्करण करावे. गुरुबंधूंनी कवीच्या भक्तीविषयी शंका घेतली नाही. भाषेत वा छंदात दोष दाखविला नाही. कवीचा सूर भक्ताचाच होता. परंतु श्रीकृष्ण-रुक्मिणीचा प्रणयकलह, वसंताचे वर्णन, जलक्रीडा या सामग्रीतून जे वातावरण उभे राहिले, ते वाचकाचे चित्त निराळ्याच दिशेला नेणारे होते. नावाने वध सांगणारे काव्य मनात वसंत फुलवीत होते. आजच्या भाषेत सांगावयाचे तर, सूर शुद्ध होता, भाववातावरण अधिकाऱ्यास अनुरूप नव्हते. सुमारे सातशे वर्षांपूर्वी आपल्या पूर्वसूरींनी हा भेद इतक्या नेमकेपणाने ओळखला होता. शिशुपाळवधाचे काव्यगुण या अभिप्रायाने उणे होत नाहीत. गुरुबंधूंनी प्रथम त्याची वाखाणणीच केली आहे. अभिप्रायाचा रोख इतकाच आहे की, लेखक आपल्या हेतूबद्दल जसा उत्तरदायी असतो, तसाच वाचकाच्या चित्तात जे उतरते त्याबद्दलही असतो. आणि भास्करभट्टांचे मोठेपण असे की, ‘माझा भाव निर्मळ होता’ एवढे म्हणून ते थांबले नाहीत; त्यांनी दुसरा ग्रंथ लिहिला.

६. सूत्र आणि प्रकरण

या भेदाचे सर्वांत मोठे प्रयोजन सूत्रवाचनात आहे. केशिराजबासांनी लीळांमधील श्रीमुखीची वचने वेगळी काढून सूत्रपाठ सिद्ध केला. पाठांतरासाठी, चिंतनासाठी त्याचा उपकार अपार आहे. परंतु वचन प्रसंगातून वेगळे झाले की शब्द राहतात, आणि सूर व वातावरण मागे राहतात. एखादे वचन कोणा दुःखी स्त्रीचे समाधान करताना निघाले, की वादासाठी आलेल्या पंडिताचा अहंकार उतरविताना निघाले, हे सूत्रावरून दिसत नाही. समाधानाचे वाक्य आज्ञा म्हणून वाचले गेले किंवा एका व्यक्तीला केलेली कानउघाडणी सर्वांसाठी विधी म्हणून धरली गेली, तर अनर्थ ओढवेल.

हा धोका ओळखूनच आपल्या टीकाकारांनी सूत्रांचे प्रसंग सांगणारी ‘प्रकरणवश’सारखी साधने निर्माण केली. दृष्टान्तपाठाची मांडणीही याच दृष्टीने पाहावी. त्यातील ११४ दृष्टान्तांत आधी सूत्र, मग दृष्टान्त, मग दार्ष्टान्तिक असा क्रम आहे. हत्ती आणि आंधळे यांचा दृष्टान्त घ्यावा. कोणी त्यास खांब म्हणतो, कोणी सूप, कोणी मुसळ. केवळ तात्पर्य सांगितले असते, तर अपुऱ्या ज्ञानाच्या लोकांचा तो उपहास वाटला असता. दृष्टान्ताचा सूर मात्र उपहासाचा नाही. प्रत्येकाच्या हाताला जेवढे लागले तेवढे खरेच होते, हे तो मान्य करून पुढे जातो. हा सूर ऐकला म्हणजे इतर मतांविषयी कसे बोलावे, याचाही धडा मिळतो.

पूर्वी हा सूर गुरुमुखातून मिळत असे. ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत होते, आणि वाचणारा शिष्य सांगणाऱ्याच्या पुढे बसलेला असे. कोणते वाक्य हसून म्हणावयाचे, कोठे थांबावयाचे, हे पोथीत नसलेले ज्ञान त्याला कानांनी मिळे. ह. ना. नेने, वि. भि. कोलते आदी संपादकांच्या परिश्रमांमुळे हे वाङ्मय छापून सर्वांच्या हाती आले. कोलते यांची लीळाचरित्राची प्रत १९७८ मध्ये प्रसिद्ध झाली. २०२४ मध्ये मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आणि ऋद्धिपूर येथे मराठी भाषा विद्यापीठही उभे राहिले आहे. यामुळे नवे वाचक येतील, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु छापील पानाला आवाज नसतो. हरवलेला आवाज वाचकाने विवेकाने परत मिळविला पाहिजे.

७. वाचनाची रीत

यासाठी अभ्यासकाने प्रत्येक लीळा वाचताना काही प्रश्न क्रमाने स्वतःस विचारावेत. हे वाक्य कोणाचे आहे : सर्वज्ञांचे, प्रश्न करणाऱ्याचे, की निवेदकाचे? तिघांचे सूर एकमेकांत मिसळू देऊ नयेत. ते कोणाला उद्देशून आहे, आणि त्या श्रोत्याची त्या वेळची अवस्था काय? शब्दांचा सरळ अर्थ आणि प्रसंगाचा परिणाम यांत विसंगती दिसते काय? कठोर शब्दानंतर श्रोता अधिक जवळ आला असेल, तर सूर कठोर नव्हता असे समजावे. ग्रंथात हसल्याची, उगे राहिल्याची, उठून गेल्याची नोंद असेल तर ती ओलांडून जाऊ नये. सुराचा पुरावा तेथेच असतो. यानंतर वातावरणाकडे वळावे. स्थळ कोणते, वेळ कोणती, मागील लीळेत काय घडले, पुढील लीळेत काय घडणार? आणि अखेरचा प्रश्न सर्वांत कठीण आहे : माझ्या चित्तात जो भाव उठला तो ग्रंथाने निर्माण केला, की मी तो घरून बरोबर आणला?

हा शेवटचा प्रश्न टाळला तर वाचक आपलीच मनःस्थिती ग्रंथाच्या नावाने सांगू लागतो. उदास मनाने वाचणाऱ्यास सर्वत्र वैराग्य दिसते, चिडलेल्या मनास सर्वत्र निषेध दिसतो. सुराची ओळख या भ्रमापासून वाचवते, कारण सूर ग्रंथाच्या शब्दांत असतो आणि त्याचा पुरावा बोट ठेवून दाखविता येतो. म्हणून आधी सूर निश्चित करावा, मग वातावरण अनुभवावे, आणि अर्थनिर्णय त्यानंतर करावा. हा क्रम उलटला की प्रत्येकजण आपल्या मनासारखा अर्थ काढतो, आणि वचन कोणाचे होते हे विसरले जाते.

ज्यांनी ही वचने ऐकली, त्यांनी शब्दांबरोबर प्रसंगही जपला. फरक आढळला तेथे फरकही जपला. तो प्रसंग वाचून मगच वचन मुखी आणणे, हे आपले कर्तव्य आहे. इत्यलम्।